दुबईत नोकरी, शारजात घर? दोन मुलांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

कोथरूडची आई:
नमस्कार. नवऱ्याची दुबईत बदली झाली आहे, ऑफिस देरा भागात. मार्चअखेर आम्ही सगळे जाऊ. मुलगी आता चौथीतून पाचवीत जाईल, मुलगा साडेतीन वर्षांचा. दुबईतच करामाला एक बेडरूमचं जुनं घर मिळतंय, तेवढ्याच भाड्यात शेजारच्या शारजात दोन बेडरूमचं नवं. मी इथली शिकवण्याची नोकरी सोडून येणार, तिथे लगेच काम मिळेल असं नाही. सासूबाई थंडीत दोन-तीन महिने येऊन राहतील, त्यांना नसांच्या दुखण्यासाठी गोळ्या चालू आहेत. व्हिसाचं कंपनी बघते आहे. पण रोजचं जगणं कसं असतं, शेजार कसा असतो, मुलांचं मराठी टिकतं का, हे कुणी नीट सांगत नाही. जे राहून आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा.

सहकारनगर:
ताई, करामाचं घर घ्या. लहान पडेल, तरी घ्या.

आम्ही बरीच वर्षं बर दुबईत राहिलो, आता पुण्याला परत आलोय. तिथे नवरा ऑफिसला जातो, मोठं मूल शाळेच्या बसने जातं, आणि धाकट्याला घेऊन दिवसभर घरात उरतो आपण. मेपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. १५ जून ते १५ सप्टेंबर मजुरांनासुद्धा दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामाला लावायला कायद्याने बंदी आहे, यावरून उन्हाचा अंदाज येईल. अशा दिवसांत गाडी हाताशी नसली की मोठं घर खायला उठतं. आणि तुम्हाला लगेच गाडी चालवता येणार नाही. रहिवासी झाल्यावर भारतीय लायसन्स चालत नाही, तिथली परीक्षा पास व्हावी लागते. म्हणून घर बघायला जाल तेव्हा हॉल केवढा ते नंतर, आधी लिफ्टमधून उतरल्यावर पायी कुठेकुठे जाता येतं ते बघा. करामात किराणा, भाजी, दवाखाना, इडली-डोश्याचं हॉटेल, सगळं चालत. बुरजुमानची मेट्रो जवळ, तिच्यात बायका-मुलांसाठी वेगळा भाग असतो. ऊन उतरलं की मी मुलांना घेऊन खाडीवर जायचे. एक दिरहॅम दिला की अब्रा पलीकडे देऱ्याला सोडते. मुलांना ती लाकडी होडी फार आवडायची.

शेजाराचं म्हणाल तर आमच्या मजल्यावर एक मंगळुरी कुटुंब, एक सिंधी आणि समोर इजिप्तचे. रमजानमध्ये समोरच्या काकू कताएफ पाठवायच्या, आपल्या करंजीसारखे दुमडून तळलेले, आत अक्रोड आणि वरून पाक. मी त्याच ताटात नारळाच्या वड्या घालून परत करायचे. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला अरबी येत नव्हतं, पण धाकटा तापाने फणफणला तेव्हा रात्री त्याच धावून आल्या. रमजानच्या महिन्यात दिवसा रस्त्यात, बसथांब्यावर काही खायचं-प्यायचं नाही, एवढं पाळा. लहान मुलांना कुणी काही म्हणत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाला हात लावला तर चटका बसतो. तेव्हा गिझर बंद ठेवायचा. तो घराच्या आत, एसीच्या गारव्यात असतो, त्यामुळे त्याच्या टाकीतलं पाणी निवतं. मग गरम पाण्याचा नळ सोडायचा, तिथून कोमट येतं. धाकट्याच्या आंघोळीला हेच पाणी. हे मला मंगळुरी शेजारणीने शिकवलं.

मराठी टिकतं, पण शाळेच्या भरवशावर नाही. खाजगी शाळांत नववीपर्यंत अरबी सक्तीचं असतं, आणि सीबीएसई शाळेत हिंदी असतं. मराठीचं वाचन घरीच, रोज. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, त्यामुळे निघण्याआधीच सासूबाईंच्या फोनवर बोटिम हे कॉलचं ॲप घालून ते वापरायला शिकवा. पुणं दीड तास पुढे आहे. मुलगी तीनला शाळेतून आली की पुण्यात साडेचार, आजीच्या चहाची वेळ. आमच्याकडे त्याच वेळी आजी पाढे आणि गोष्टी घ्यायची.

सासूबाईंच्या गोळ्यांत प्रीगॅबालिन, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन आहे का ते आजच बघा. ही औषधं तिथे नियंत्रित आहेत. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. दुसरं म्हणजे खसखस. तिथे खसखशीवर बंदी आहे. सामानात पुडी नको, आणि प्रेमाने दिलेल्या डिंकाच्या लाडवांत किंवा गोड्या मसाल्यात ती आहे का, हेही विचारून घ्या. आम्ही अनारसे तिळावर थापायचो, छान होतात.

शारजाकर:
ताईंचं पटलं, तरी शारजाची बाजू मांडतो. आम्ही शारजाच्या नहदा भागात राहतो. बाग आणि सहारा सेंटर चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणजे पायी जाता येईल असं शारजातही मिळतं. शारजातल्याच मुवेला भागाकडे मात्र गाडी नसेल तर जाऊ नका. खरा प्रश्न रस्त्याचा. इत्तिहाद रस्त्यावर सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी परत, गाड्यांची रांग हलत नाही. माझी मुलगी झोपायच्या बेताला मी घरी पोचतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. शिवाय शारजातल्या शाळांना शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, दुबईतल्या ऑफिसला शुक्रवारी काम. मुलं तीन दिवस घरी, त्यातला पूर्ण शुक्रवार एकट्या आईवर येतो.
घर घेताना रोख हाताशी ठेवा. भाडं पुढच्या तारखांच्या चेकने द्यावं लागतं, चेक जितके कमी तितकं घासाघीस करायला बळ. दुबईत फ्लॅटला वीज-पाण्याची अनामतच २,००० दिरहॅम आहे.

कोथरूडची आई:
दोघांचे खूप आभार. गोळ्यांत प्रीगॅबालिन आहे, आज डॉक्टरांना फोन करते. लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून घेतलं तर चालेल का? एजंट तसं म्हणतोय.

सहकारनगर:
नाही, अमिराती अपोस्टिल मानत नाही. ओमानला चालतं, म्हणून एजंट गल्लत करतात. राज्य सरकार, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा मुंबईतला वाणिज्य दूतावास, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय, असा शिक्क्यांचा क्रम आहे. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यालाही शाळा हेच मागेल. तिथल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा दाखल्यासाठी याच आठवड्यात शाळेत अर्ज द्या.