चकतीवरच्या खुंटीची आणि लंबकाची सावली जुळत नाही

घोडबंदर_फिजिक्स:
बारावीला एसएचएम (सरल आवर्त गती, लंबकासारखं मागेपुढे झुलणं) हा वर्तुळाकार गतीचा प्रक्षेप, म्हणजे बाजूने पडणारी सावली, कसा, ते दाखवायचंय. १२ व्होल्टची ३० आरपीएम (मिनिटाला ३० फेऱ्या) गिअर मोटर, आडवी चकती, केंद्रापासून १० सेंमीवर खुंटी, वर ९९ सेंमीचा लंबक. खुंटीच्या उंचीला दिवा मीटरभरावर, सावल्या भिंतीवर. पाचेक झोक्यांत लंबक पुढे पळतो. शिवाय खुंटीची सावली एकीकडे भरभर जाते, परतताना रेंगाळते. मोटर बदलू का? ठाण्यात मिळेल की मुंबईत लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठावा लागेल?

ऐरोली_लॅब:
कुठेही जाऊ नका, मोटर ठीक आहे. लेबलवरचे ३० आरपीएम बिनाभाराचे. चकती चढली की वेग उतरतो. २० फेऱ्यांचा वेळ घ्या, २० ने भागा, येईल त्याचा वर्ग गुणिले २४.८, इतके सेंमी लंबकाची लांबी ठेवा. ४२ सेकंद लागले तर आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) २.१ सेकंद, लांबी साधारण १०९ सेंमी. मोजायची ती गोळ्याच्या मध्यापर्यंत, हुकापर्यंत नाही. एका सेंमीच्या चुकीनेही २० झोक्यांत एक दशांश फेरीचा फरक पडतो.

कळवा_नाका:
रेंगाळण्याचं कारण दिवा. खुंटी दिव्याकडच्या बाजूला आली की तिची सावली जास्त फाकते, म्हणून मध्यातून वेगाने जाते. पलीकडून येताना उलट. मीटरभरावर हा फरक दोन्हीकडे सुमारे १० टक्के, ३ मीटरवर जेमतेम ३. वर्गाच्या मागच्या बाकावर मोबाईलचा टॉर्च ठेवा. ठिपक्याएवढा उजेड असल्याने सावलीची कडही स्वच्छ येते. दिव्याची उंची मात्र आहे तीच ठेवा, वर गेला की सावली लंबवर्तुळात फिरताना दिसते आणि मुलं नेमकं तेच विचारतात.

घोडबंदर_फिजिक्स:
लंबक थोड्या वेळाने गोल फिरू लागतो, त्याचं काय?

ऐरोली_लॅब:
एका दोऱ्याऐवजी दोन, इंग्रजी व्ही सारखे. दोन्ही हूक दिवा ते भिंत या दिशेत, म्हणजे झोका भिंतीला समांतरच राहतो. आता लांबी दोऱ्यावरून नाही, हुकांच्या रेषेपासून सरळ खाली मोजा. गोळा पितळी किंवा लोखंडी. प्लॅस्टिकचा चेंडू हवेने लगेच मंदावतो. पंखे बंद, उकडलं तरी. सोडताना १० सेंमी ओढून धरा आणि खुंटीची सावली टोकाला टेकली की न ढकलता सोडा.

कळवा_नाका:
कुणाकडे चालू रेकॉर्ड प्लेअर असेल तर मोटरची कटकटच नको. ३३⅓ आरपीएमला आवर्तकाल १.८ सेकंद, लंबक ८० सेंमी. ४५ ला ४४ सेंमी.