लिहिलंय तेवढाच धर्म? मग हे सांगा

ठाणेकर
"तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, लिहिलंय तेवढाच यहुदी धर्म, मिश्ना-तल्मूद हे रब्बींचे (धर्मगुरूंचे) नियमग्रंथ ही माणसांची भर," असं काल इथे 'अक्षरशः' यांनी लिहिलं. वाचून राहवलं नाही. तोराचं पाचवं पुस्तक 'अनुवाद', त्यातलं १२:२१ काढा. जनावर 'मी आज्ञा केल्याप्रमाणे' कापावं, असं तिथे आहे. ती आज्ञा पाचही पुस्तकांत कुठे आहे? सुरी कशी असावी, कुठे फिरवावी, अवाक्षर नाही. म्हणजे तोंडी शिकवण आधीपासून होती. यहूदा हानासींनी इ.स. २००च्या सुमारास तिची मिश्ना बांधली, एवढंच.

अक्षरशः
अनुवाद ४:२ सुद्धा वाचा: यात भर घालू नका, काही कमी करू नका. करडू आईच्या दुधात शिजवू नका, असं तीनदा आलंय. त्यातून कोंबडी आणि दूध एकत्र नको, भांडी वेगळी, मटणानंतर काही तास थांबा, हे कुठून आलं? कोंबडी दूध देते का? फक्त लिखित तोरा मानणारे कराई लोक हजार वर्षांहून जास्त काळ तल्मूदशिवाय यहुदी आहेत. इस्राएलमधल्या रामल्यात जाऊन बघा.

ठाणेकर
कोंबडीचा नियम रब्बींचा आहे, हे तल्मूद लपवत नाही. रब्बी योसे हागलिलींच्या गावात पक्ष्याचं मांस दुधासोबत खात, हेही त्यातच नोंदलंय. आणि 'डोळ्याबद्दल डोळा' अक्षरशः घ्यायचा का? भरपाई द्यायची, हे रब्बींनीच ठरवलं.

लोदची माई
कोंबडीवर काय भांडताय! १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढलं: बेने इस्राएल, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुदींच्या, मुलामुलीचं लग्न लावण्याआधी आईची आई, तिची आई, जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करा. का, तर कोकणात आम्हाला गेट (घटस्फोटाचा कागद) आणि हलित्सा (निपुत्रिक विधवेला दिराशी लग्नातून मोकळं करणारा विधी) यांचे नियम ठाऊक नव्हते, म्हणून आमच्यात कुणी मम्झेर, म्हणजे निषिद्ध संबंधातून जन्मलेलं, असेल. माझ्या आईचं लग्न ठरलेलं. रब्बींनी आजीचे कागद मागितले. आजी रेवदंड्याची, तिचे कसले कागद? आई किती दिवस जेवली नाही, ते मावशी अजून सांगते.

अक्षरशः
बघा! हेच मी म्हणतोय. तोंडी कायद्याने हे केलं.

लोदची माई
माझ्या आईला तुमच्या वादात ओढू नका, भाऊ. आमच्या पूर्वजांकडे तल्मूद नव्हता, तशी तोराची गुंडाळीही नव्हती. शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारी घाणा बंद, खवल्यांची मासळी, सगळं तोंडातोंडी टिकलं. तुमचं लिखित पुस्तक आमच्या घरी कुठे होतं? म्हणजे तोंडी धर्म असतोच. पण तो फक्त तल्मूद रचणाऱ्या बॅबिलोनच्या शाळांचा, हे कुणी ठरवलं?

ठाणेकर
माई, अन्याय झाला, मान्य. पण त्याच रब्बींच्या परिषदेने १९६१ मध्ये लग्नाला हरकत नाही म्हटलं होतं, तेही हलाखानुसारच, म्हणजे रब्बींच्या धर्मकायद्यानुसारच.

लोदची माई
मग वर्षभरात फर्मान का? १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, क्नेसेटला, म्हणजे संसदेला, बोलावं लागलं, तेव्हा कुठे त्यातून आमचं नाव गेलं. चौकशीची तरतूद 'ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांच्यासाठी' म्हणून राहिलीच.

ठाणेकर
ते फर्मान चुकीचं होतं. पण घटस्फोटाला साक्षीदार आणि नियम नसतील तर बाईचंच नुकसान होतं, हे मी सोडणार नाही.

अक्षरशः
जनावर कापण्याचा मुद्दा तुमचा, घ्या. पण मिश्नातलं प्रत्येक वाक्य सिनाई डोंगरावरून, देवाकडून मोशेला, आलं, हे मरेपर्यंत मानणार नाही.

लोदची माई
मानू नका. पण आमच्या पोरांच्या लग्नाला पुन्हा कागद मागू नका, एवढं दोघांनी मिळून लिहून द्या.