सोडियम दाबलं की काचेसारखं पारदर्शक होतं, हे खरंय का?

खडूस_बोका: लोकहो, काल कुठंतरी वाचलं की सोडियमवर भयंकर दाब दिला की त्यातून आरपार दिसतं. मला वाटलं थापा आहेत. दाबल्यावर अणू जवळ येणार, म्हणजे धातू अजून पक्का धातू व्हायला पाहिजे ना?

जुना_मास्तर: खरंय रे. २००९ साली प्रयोग झाला, साधारण २०० गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या २० लाख पट. आधी ते चकाकी जाऊन काळं पडतं, मग लालसर दिसतं आणि मग पारदर्शक. अणू इतके चेपतात की आतले इलेक्ट्रॉन एकमेकांना भिडतात, आणि बाहेरचा जो मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन असतो त्याला बिचाऱ्याला अणूंमधल्या फटीत कोंबलं जातं, तिथंच अडकला की वीज वाहणार कशी, चकाकी तरी कुठून येणार!

खडूस_बोका: बाप रे. पण एवढा दाब देतात कशानं, हायड्रॉलिक प्रेस?

तिखट_शेव: छे, दोन हिरे टोकाला टोक लावून स्क्रूनं आवळतात. टोकं केसाएवढी बारीक, त्यामुळे थोड्या जोरातही दाब प्रचंड. हिऱ्यातून आरपार दिसतं, त्यामुळे आतला रंग बदलताना चक्क बघता येतो. कधी कधी हिराच फुटतो, मग बसा बोंबलत.

जुना_मास्तर: आणि सगळेच धातू असं करत नाहीत हं. पृथ्वीच्या अगदी केंद्रापाशी दाब याहूनही जास्त, तिथलं लोखंड धातूच आहे, उलट ५००० अंशाच्या वर तापूनही दाबामुळे न वितळता घट्टच राहिलंय.