जुन्या पद्मिनीचे हेडलाइट मिणमिणतात: बल्ब बदलू की वायरिंग?

गोलदिवा
१९९६ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, अल्टरनेटरवाली. आधीच्या मालकाने मूळचे दिवे काढून सात इंची एच४ युनिट (एकाच बल्बात अपर आणि डिपर) बसवलेत, बल्ब ६०/५५ वॅटचे, म्हणजे अपर ६०, डिपर ५५. डिपरवर रस्ता जेमतेम दिसतो, अपरवर थोडं बरं. आयडलिंगला दिवे पिवळे पडतात, ॲक्सिलरेटर दाबला की किंचित उजळतात. डावा जास्तच मंद आहे आणि त्याचा होल्डर एका बाजूने तपकिरी झालाय. बॅटरी नवी. दुकानदाराचं म्हणणं ९०/१०० चे बल्ब टाका, नाहीतर सरळ एलईडी. मीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

ओहमकर
आधी काहीही विकत घेऊ नका. बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतात ते बघा. हॅलोजनचा उजेड साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ व्होल्टला पूर्ण उजेड धरला, तर १२ ला तो ७२ टक्के उरतो आणि १०.५ ला निम्म्याच्याही खाली जातो. म्हणजे वायरिंगने दोन-अडीच व्होल्ट खाल्ले की नवा बल्बही जुन्यासारखाच दिसणार.

इंजिन चालू, साधारण २००० आरपीएम, डिपर लावलेला, होल्डर बल्बवर चढवलेला. होल्डर काढून मोजलेलं व्होल्टेज फसवं असतं, कारण करंटच वाहत नाही. मीटरची टोकं होल्डरच्या मागून, टर्मिनलला टेकतील अशी घाला आणि प्रत्येक बाजूला तीन आकडे घ्या:

– बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. १३.८ ते १४.४ हवेत. त्याहून कमी असेल तर आधी अल्टरनेटर, बेल्ट आणि रेग्युलेटर.
– लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं बल्बच्या डिपर पिनवर. हा प्लसच्या वाटेतला तोटा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.
– लाल टोक बल्बच्या अर्थ पिनवर, काळं बॅटरीच्या मायनसवर. हा अर्थिंगचा तोटा. ०.२ च्या वर गेला तर अर्थ खराब.

९०/१०० चा विचार सोडा. त्यात डिपरलाच दोन्ही मिळून १५ अँपिअर लागतात. ते सगळे जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून जाणार, तोटा आणखी वाढणार आणि तपकिरी होल्डरचा काळा होणार. रिफ्लेक्टरही उष्णतेने करपतो.

काचघर
मोजमाप होईपर्यंत दुसरं एक काम. बल्ब काढून मागच्या भोकातून टॉर्च मारा आणि रिफ्लेक्टर बघा. तो आरशासारखा चकचकीत हवा. धुरकट, डाग पडलेला किंवा राखाडी असेल तर युनिट बदलण्यावाचून इलाज नाही. आतला ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की फडका फिरवला की निघून येतो, त्यामुळे पुसायच्या भानगडीत पडू नका.

युनिट घ्यायचंच झालं तर ते डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचं आहे ना, हे पाहून घ्या. भिंतीवर डिपर मारला की उजेडाची वरची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे चढती दिसली पाहिजे. उलटी दिसली तर युनिट परदेशी रस्त्यांसाठीचं आहे आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार.

एलईडीबद्दल: एच४ चा रिफ्लेक्टर बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्या जागी तंतोतंत येत नाहीत. गाडीच्या पुढे दहा मीटरवर लख्ख, लांबचं काही नाही आणि समोरचा शिव्या देतो, असा प्रकार होतो.

(वाचणाऱ्या इतरांसाठी: नंतरच्या गाड्यांत दिव्याची काच प्लास्टिकची असते आणि उन्हाने पिवळी पडते. ती पाणी लावून ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा, मग कंपाउंड, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा कोट वगळला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टूथपेस्टचा परिणाम तर त्याहून कमी टिकतो. पद्मिनीची काच खरी काच आहे, तिथे हे काही नको.)

गोलदिवा
मोजलं. बॅटरीवर १३.८. उजवा: प्लसचा तोटा १.७, अर्थचा ०.२. डावा: प्लसचा १.८, अर्थचा १.३. रिफ्लेक्टर दोन्ही चांगले आहेत.

ओहमकर
म्हणजे उजव्या बल्बला ११.९ मिळतात, सुमारे ७० टक्के उजेड. डाव्याला १०.७, जेमतेम निम्मा. दोष दोन आणि वेगवेगळे आहेत.

डाव्याचं अर्थिंग आज अर्ध्या तासात होईल. वायर बॉडीला जिथे स्क्रूने कसली आहे तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा काढा, वायरीच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून कसा, वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस. आधी ग्रीस आणि मग स्क्रू असं नको. तपकिरी होल्डर बदला, चिनीमातीचा मिळाला तर उत्तम. सैल टर्मिनल पक्कडीने दाबून भागत नाही, एकदा तापून गेलेल्या पितळाचा ताण परत येत नाही.

प्लसचा तोटा दोन्हीकडे जवळपास सारखा आहे, तेव्हा तो सामाईक वाटेत आहे: स्विचचे काँटॅक्ट, फ्यूजच्या पट्ट्या, लांब बारीक वायर. जुन्या कांडीच्या फ्यूजची टोकं आणि पट्ट्या आधी घासून घ्या, कधी कधी तिथेच अर्धा व्होल्ट परत मिळतो. पण मूळ मुद्दा रिलेचा, म्हणजे थोड्या करंटने चालू होऊन मोठा करंट थेट बॅटरीवरून दिव्यांना सोडणाऱ्या स्विचचा. जुन्या ४० वॅटच्या डिपर फिलामेंटला प्रत्येकी ३.३ अँपिअर लागतात, ५५ ला ४.६. बल्ब वाढले, वायर तीच राहिली.

सामान: १२ व्होल्टचे ४० अँपिअरचे दोन रिले (एक डिपर, एक अपर), २.५ चौरस मिमीची वायर, ३० अँपिअरचा एक मुख्य फ्यूज, १० अँपिअरचे चार ब्लेड फ्यूज. बॅटरीच्या प्लसवरून मुख्य फ्यूज, तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच. तिथून दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनला (पिनांचे नंबर रिलेवर छापलेले असतात). ८७ मधून दोन फाटे, प्रत्येकात १० चा फ्यूज, एक डाव्या आणि एक उजव्या दिव्याला. दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर घेतलेली तयार किट मला पटत नाहीत, घाटात तो उडाला की पूर्ण काळोख. ८५ अर्थला. ८६ ला जुन्या होल्डरची डिपर किंवा अपरची वायर, म्हणजे जुन्या स्विचला आता फक्त रिलेची कॉइल ओढायची. पाच पिनांच्या रिलेत ८७ए मोकळी ठेवा. दोन्ही दिव्यांची अर्थ वायरही २.५ ची, थेट बॅटरीच्या मायनसला. रिलेचं तोंड खाली करून लावा, पाणी आत साचत नाही.

तिसरीपिन
एक भर, हे वाचून कोणी आपल्या दुसऱ्या गाडीत करायला जाईल म्हणून. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत, उदाहरणार्थ जिप्सीत, होल्डरच्या सामाईक पिनला प्लस असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. तिथे वरची जोडणी चालणार नाही. ओळखायचं असं: दोन्ही होल्डर काढा, दिवे लावा, तिन्ही पिना तपासा. डिपर आणि अपर दोन्हीला एकाच पिनवर १२ व्होल्ट राहिले तर गाडी त्या प्रकारची. एकच होल्डर काढला तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटे व्होल्ट येतात आणि गोंधळ होतो.

रिले लावल्यावर दिव्यांचा कोन पुन्हा बसवा, आधी मंद होते म्हणून कोणीतरी वर उचलून ठेवलेले असू शकतात. भिंतीपासून ५ मीटर, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस. डिपरची सपाट कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५-६ सेंमी खाली हवी. पद्मिनीचे मागचे पाटे बसलेले असतील तर नाक वर राहतं, तेव्हा पाट्यांचं काम आधी.

गोलदिवा
डाव्याचं अर्थिंग केलं, तोटा ०.१ वर आला, आता दोन्ही दिवे सारखे दिसतात. रिलेचं सामान आणतो. जुनी हेडलाइटची वायर कापून टाकू का?

ओहमकर
कापू नका. एका बाजूची रिले चालू करायला, म्हणजे ८६ ला लागणारच आहे. दुसऱ्या बाजूच्या टोकांना प्रत्येकी वेगळी स्लीव्ह चढवून बांधून ठेवा, त्यांत दिवे लावल्यावर करंट असतो. रस्त्यात रिले गेला तर त्या बाजूचा जुन्या वायरीचा होल्डर परत बल्बवर चढवून घरी येता येतं.