'दमट थंडी' म्हणता येईल का?

कोरांटी:
एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. उणे २५-३० अंशांच्या कोरड्या प्रदेशातून समुद्राकाठच्या, शून्याच्या आसपास रेंगाळणाऱ्या थंडीत राहायला जाणाऱ्यांसाठी ती आहे. 'कोरडी थंडी' आणि 'दमट थंडी' असे शब्द योजले होते. तपासनिसांनी 'दमट'वर काट मारली. म्हणे दमट म्हटलं की घामाच्या धारा, थंडी कुठली दमट? दुसरा शब्द सुचवा. 'आर्द्र' नको, तो हवामानाच्या बातम्यांतला वाटतो.

अडकित्ता:
दमट म्हणजे ओलसर, बस्स. दमट भिंत, दमट कोठार. घाम त्याला नंतर येऊन चिकटला. काट पुसून टाका.

पागोळी:
'सर्द' आयता आहे की! सर्द जमीन, सर्द खोली. गारवाही आला, ओलही आली. क्रियापद हवं तर 'सादळणे', आणि पुस्तिकेला नेमकं तेच सांगायचं असणार. उणे २० ची हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून ओठ फुटतात, लाकूड तडकतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. तिथे लोक खोलीत ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओल सोडणारं यंत्र, लावतात ते बरोबरच. पण सर्द हवेत तोच सवयीने चालू ठेवला तर काचांवरून पाणी ओघळतं आणि कपाटामागे बुरशी धरते. इथे उलट, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, दिवसातून दोन-तीनदा खिडक्या ५-१० मिनिटं सताड उघडायच्या. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी घातक, तिच्याभोवतीची भिंत गार पडते आणि ओल तिथेच बसते.

अडकित्ता:
'सर्द' फारसी. फारसीत त्याचा अर्थ नुसता थंड. म्हणजे 'सर्द थंडी' ही थंड थंडी झाली.

पागोळी:
मग 'बर्फ' तरी कुठला? फारसीत बर्फ म्हणजे आभाळातून पडणारं हिम. गोठलेल्या पाण्याला ते 'यख' म्हणतात. आपण दोन्हींना बर्फ म्हणून मोकळे होतो.

खडीवाला:
खरी गोम इथेच आहे. 'बर्फावरून जपून चाला' एवढंच छापलंत तर वाचणारा हसेल, त्याचं निम्मं आयुष्य हिमावर गेलंय. पण उणे २० ला हिम पायाखाली करकरतं आणि तळवा धरतं. शून्याजवळ बर्फाच्या पाठीवर पाण्याचा पापुद्रा असतो, तेच बूट सटकतात. त्यात तो पारदर्शक थर, जो दिसतो ओल्या डांबरासारखा आणि असतो बर्फ. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार हवा लागते. याला मराठीत काय म्हणणार? इंग्रजी 'ब्लॅक आइस'वरून 'काळा बर्फ' नको. काळा तो नसतोच, काळा दिसतो तो खालचा रस्ता.

पागोळी:
चोरबर्फ. चोरखिसा, चोरवाट, चोरदरवाजा, तसाच.

अडकित्ता:
शब्द पाडू नका हो. 'निसरडा बर्फ' पुरेसा आहे.

खडीवाला:
निसरडा सगळाच असतो, न दिसणारा हाच. 'चोरबर्फ' मला पटला. त्यापुढे मिठाचं वाक्य येईल, तिथेही सांभाळा. साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्यातली माणसं पायरीवर वाळू किंवा बारीक खडी टाकतात. नव्या ठिकाणी मीठ चालतं, पण ते बर्फ धरण्याआधी टाकायचं. ढीग नको, दाण्यादाण्यांत दोन-तीन बोटं अंतर राहू द्या. आणि वितळलेलं पाणी झाडून काढा, नाहीतर रात्री मीठ पातळ होऊन तेच पाणी पुन्हा गोठतं.

अडकित्ता:
मीठ 'टाकतात' नाही, 'पेरतात'.

कोरांटी:
पेरतात घेते. पण 'दमट'चं काय? पुढचा परिच्छेद कपड्यांचा आहे. पिसांचं जाकीट भिजलं की पिसं चपटी होतात, त्यातली हवा जाते आणि ऊब संपते. म्हणून तिथे वरून पाणी न शिरणारा थर, आत लोकर. हा फरक एका विशेषणातून कळायला हवा.

पागोळी:
सर्द.

अडकित्ता:
दमट.

नियमवाले:
वाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २० सारखं वाटतं. अंगालाच, नळाला नाही! हवा अधिक २ अंश असेल तर वारा कितीही सुटो, नळ गोठत नाही. तेव्हा 'तापमान उणे २०' असं लिहू नका, 'उणे २० सारखं झोंबतं' लिहा.

अडकित्ता:
झोंबते मिरची. वारा बोचतो.

खडीवाला:
मिरची झोंबते तसा वाराही झोंबतो, पूर्वापार. बर्फ वितळलं तरी हा वाद वितळायचा नाही.

नियमवाले:
'बर्फ वितळलं'? बर्फ पुल्लिंगी आहे. बर्फ वितळला.

पागोळी:
बर्फ पडलं, बर्फ साचलं, असंच कानावर येतं. हिम नपुंसकलिंगी, त्याच्या संगतीने हेही.

अडकित्ता:
मग चोरबर्फ धरला की धरलं, ते आधी ठरवा.