मदत हवी आहे: यूकेचा स्पाउस व्हिसा, पहिल्या लग्नातला मुलगा आणि त्याच्या वडिलांची सही

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज स्वतःच्याच गरजेपोटी धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते. २०२१ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आता नऊचा आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत दुसरं लग्न केलं, तीस दिवसांची नोटीस लावून, नोंदणी पद्धतीने. घरची बारा-पंधरा माणसं आणि नंतर एका हॉटेलात जेवण, एवढाच समारंभ. नवरा लेस्टरला असतो, त्याला आयएलआर (तिथे कायम राहायची परवानगी) आहे. एका गोदामात सुपरवायझर आहे, पगार वर्षाला ३३ हजार पौंड. पण ही नोकरी नवीन, चारच महिने झालेत. आधीच्या ठिकाणी २८ हजार होता.

आता मला आणि मुलाला तिकडे जायचंय. माझ्या अर्जाची फारशी काळजी नाही. घोडं अडलंय ते मुलापाशी.

घटस्फोटाच्या आदेशात मुलाचा ताबा माझ्याकडे आहे. वडिलांना दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेटीचा हक्क. प्रत्यक्षात ते चार-सहा महिन्यांतून एकदा येतात, त्याला भेळ खायला घालून, एखादी रिमोटची गाडी घेऊन देऊन संध्याकाळी आणून सोडतात. पोटगी त्याच्या नावे काही नाही, तेव्हाच हक्क सोडला होता (त्यावरून अजून आईची बोलणी खाते). माणूस वाईट नाही. विचारलं तर म्हणाले, "ने की, मी कशाला आडवा येऊ, सांग कुठे सही करायची ते."

आम्ही इथल्या एका एजंटकडे गेलो. त्याने शंभराच्या दोन स्टॅम्पपेपरवर संमतीपत्राचा मसुदा करून दिलाय. शिवाय लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा आदेश, मुलाचा जन्मदाखला सगळ्याला अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करावं लागेल म्हणतो, त्याचे वेगळे पैसे. सही घ्यायला पुढच्या आठवड्यात भेटायचं ठरलंय, पण त्याआधी कुणा जाणकाराला विचारावं असं आतून वाटत राहिलं.

तर, वडिलांची संमती असली की मुलाचा व्हिसा होतो ना? नोकरी चार महिन्यांची असल्याने अडेल का? आणि माझी आणखी एक भानगड: पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, आधारवर मधलं नाव अजून पहिल्या नवऱ्याचं, आणि सासूबाईंचं म्हणणं की आता नाव बदलून घे. कुठून सुरुवात करू?

टवाळ

टुरिस्ट व्हिसावर दोघांनी जा, तिथे गेल्यावर बदलून घ्या. माझ्या मावसभावाच्या ओळखीच्यांनी असंच केलं.

मोरपंखी

@टवाळ, मावसभावाच्या ओळखीच्यांना माझा नमस्कार सांगा. यूकेत व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथून स्पाउस व्हिसावर जाता येत नाही, अर्ज बाहेरूनच करावा लागतो. शिवाय राहायला जायचं मनात ठेवून फिरायला जातो असं सांगणं हीच मुळात फसवणूक. ती पकडली गेली तर दहा वर्षांची बंदी बसू शकते. कृपा करून असले सल्ले देऊ नका, इथे लोक वाचून तसं करतात.

गोदाकाठ, मी २०२५ च्या ऑगस्टमध्ये हाच अर्ज भरला, मुलीसकट, पुण्याहून. सविस्तर लिहिते.

उत्पन्नाची अट सध्या २९ हजार पौंडांची. ११ एप्रिल २०२४ च्या आधी ती १८,६०० होती आणि प्रत्येक मुलामागे वर आणखी रक्कम दाखवावी लागायची. आता मुलासाठी वेगळी रक्कम नाही. ही एकच गोष्ट त्या बदलात आपल्या फायद्याची झाली. तुमचा इथला पगार धरत नाहीत, फक्त नवऱ्याचा. त्याला एकाच मालकाकडे सहा महिने झाले की सरळ 'कॅटेगरी ए'. सहा महिन्यांच्या पगारस्लिपा आणि त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स. स्लिपेवरचा निव्वळ पगार आणि खात्यात पडलेला आकडा जुळला पाहिजे, पेनीपर्यंत. सहा महिने झाले नसतील तर 'बी' आहे, पण त्यात मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष २९ हजार मिळालेले दाखवावे लागतात. तुमच्यात आठ महिने २८ च्या दराने आणि चार महिने ३३ च्या दराने, म्हणजे होतील २९,६०० च्या आसपास. मधे एखादी बिनपगारी रजा निघाली तर गेलात. दोन महिने थांबा, 'ए'नेच करा.

खर्च आत्ताच ऐकून ठेवा. मी भरली तेव्हा फी माणशी १,९३८ पौंड होती, मुलाला सवलत नाही. त्यावर आरोग्य अधिभार, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि अठराच्या आतल्याला ७७६. व्हिसा तेहतीस महिन्यांचा मिळतो पण अधिभार तीन वर्षांचा घेतात. आम्हा दोघींचे मिळून ९,३०९ पौंड झाले, जवळजवळ अकरा लाख रुपये. कार्ड दोनदा नाकारलं गेलं, तिसऱ्यांदा गेलं तेव्हा नवऱ्याने देवापुढे साखर ठेवली. अर्ज नामंजूर झाला तर अधिभार परत येतो, फी नाही. एप्रिलमध्ये फी वाढवायची त्यांना सवय आहे, अर्जाच्या दिवशीचा आकडा बघा.

अपोस्टिल या व्हिसाला लागत नाही. मी एकाही कागदाला केलं नाही. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर मात्र लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'भाषांतर बरोबर आहे' असं त्याचं विधान हवं.

क्षयाची तपासणी घाईने करू नका, दाखला सहाच महिने चालतो. इंग्रजीला ए-१ (अगदी प्राथमिक) पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा पुरते, मुलाला तीही नाही.

नावाचं: काहीही बदलू नका! पासपोर्टवर आहे त्या नावाने अर्ज करा. फॉर्ममध्ये 'आधी वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, त्यात सगळी लिहा. सासूबाईंना सांगा, तिकडे पोचल्यावर बघू.

आता मुलाचं. एजंटच्या मसुद्यात नेमकं काय लिहिलंय ते इथे टाकाल का? नावं खोडून.

गोदाकाठ

मोरपंखी, किती मनापासून लिहिलंत! मसुद्यातला मुख्य भाग असा आहे:

"आम्ही उभयता सदर मुलाचे नैसर्गिक पालक असून त्याचे शिक्षण, आरोग्य व संगोपन याबाबतचे सर्व निर्णय आम्ही दोघे परस्पर विचारविनिमयाने घेत आलो आहोत. मुलाने आईसोबत युनायटेड किंगडम येथे वास्तव्यास जाण्यास माझी कोणतीही हरकत नाही."

मोरपंखी

हीच भीती होती. सही घेऊ नका. इथल्या जाणकारांचं ऐकेपर्यंत तरी.

काळा कोट

वकिली करतो, पण यूकेच्या कायद्याची नाही. त्यामुळे त्या भागाला तिकडच्या अधिकृत सल्लागाराचा दुजोरा घ्या. मात्र हा मुद्दा एका अशिलाच्या निमित्ताने खोलात वाचला होता.

मुलाचे दोन्ही पालक हयात असतील आणि त्यातला एकच यूकेत जाणार असेल, तर दुसऱ्याची नुसती संमती पुरत नाही. जाणाऱ्या पालकावर मुलाची 'सोल रिस्पॉन्सिबिलिटी', म्हणजे संपूर्ण जबाबदारी, आजवर होती आणि आजही आहे हे दाखवावं लागतं. याखेरीज 'गंभीर आणि निकडीची कारणं' असा एक रस्ता आहे, पण तो तुमचा नाही. यावरचा तिकडचा नेहमी दाखला दिला जाणारा निकाल २००६ चा, टीडी (येमेन) या नावाने ओळखला जातो. त्याचा गाभा असा की मुलाच्या वाढीची दिशा आणि त्यावरचं नियंत्रण कुणाच्या हातात आहे, महत्त्वाचे निर्णय कोण घेतं, हे पाहायचं. रोजचं डबा-दप्तर आजीने केलं तरी बिघडत नाही. पण दोन्ही पालक निर्णयात सहभागी असतील, तर एकट्याची जबाबदारी सिद्ध होणं फार कठीण.

आता मसुद्यातलं वाक्य पुन्हा वाचा. "सर्व निर्णय आम्ही दोघे परस्पर विचारविनिमयाने घेत आलो आहोत." एजंटने कुठल्या तरी सहलीच्या संमतीपत्रावरून उचललंय. ते कागदावर आलं की तुमच्याच हाताने तुमच्याच मुलाचा अर्ज बुडाला. शिवाय तुमच्या सांगण्यावरून ते खरंही दिसत नाही.

उलटं टोकही गाठू नका. "वडिलांचा मुलाशी काही संबंध नाही" असंही लिहू नका. ते येतात, भेळ खायला घालतात, हे खरं आहे तसंच सांगा. भेटणं वेगळं आणि जबाबदारी वाहणं वेगळं. शाळा कुणी निवडली, ऑपरेशनला होकार कुणी दिला, खर्च कोण करतं, याबद्दल वडिलांनी स्वतःच्या शब्दांत खरं काय ते लिहून द्यावं. आणि हरकत नाही हे वेगळ्या परिच्छेदात.

दुसरी गोष्ट, आणि ही इथल्या कायद्याची. तुमच्या आदेशात भेटीचे दिवस ठरवून दिलेत. मूल कायमचं परदेशी गेलं की तो आदेश पाळला जाणार नाही. आज ते चांगले आहेत, उद्या बिनसलं तर? ज्या कौटुंबिक न्यायालयाने आदेश दिला तिथेच दोघांनी मिळून अर्ज करा, मुलाला यूकेत राहायला नेण्याची परवानगी आणि भेटीऐवजी व्हिडिओ कॉल, सुट्टीत आल्यावर भेट अशी दुरुस्ती मागा. दोघांची संमती असली की यात फार ताणलं जात नाही, पण तारखा पडतातच. नाहीतरी नवऱ्याच्या नोकरीसाठी दोन महिने थांबायचंच आहे.

लेस्टरकर

घराचा प्रश्न कुणी काढलाच नाही म्हणून लिहितो. नवरा कसल्या घरात राहतो? इथे बरेच जण एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये असतात आणि 'तीन माणसं, नामंजूर होईल' म्हणून उगाच महागडं घर घेतात. गर्दीची मोजणी १९८५ च्या हाउसिंग ॲक्टवरून करतात. त्यात हॉलही झोपायची खोली म्हणून धरतात. जागेच्या हिशेबात एक ते नऊ वर्षांचं मूल अर्धा माणूस, दहाव्या वर्षापासून पूर्ण. दोन खोल्यांना तीन माणसं चालतात. म्हणजे मुलगा दहाचा झाला तरी तुम्ही बसता. भाडेकरार आणि 'बायको-मुलगा राहायला आले तर हरकत नाही' असं घरमालकाचं पत्र जोडा.

आणि नवऱ्याकडे जुनं बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, कार्ड असेल तर ते आता नुसतं शोभेचं. त्याचं ई-व्हिसाचं खातं उघडलंय का विचारा, शेअर कोड (परवाना ऑनलाइन तपासायला द्यायचा क्रमांक) तिथूनच निघतो.

थंडीचे कपडे तिकडून आणू नका, इथे स्वस्त मिळतात.

गोदाकाठ

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? नवऱ्याला फोन करून विचारलं, एक बेडरूमच आहे. तो दुसरं घर बघायला निघाला होता, त्याला थांबवलं.

काल रात्री कपाटातली जुनी फाईल काढली. @काळा कोट, तुम्ही लिहिलंत ते वाचून आधी पोटात गोळा आला होता, आणि मग एकेक कागद बघत गेले. बालवाडीच्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून माझी सही. लसीकरण कार्डावर माझा मोबाईल नंबर. २०२३ ला टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, त्या हॉस्पिटलच्या संमतीपत्रावर माझी एकटीची सही, आणि 'नाते' या रकान्यात घाईघाईत 'आई' लिहिलेलं, 'ई' ऱ्हस्व पडलेली. मेडिक्लेममध्ये तो माझ्यावर अवलंबून. पासपोर्ट काढताना वडील गावाला होते, म्हणून दुसऱ्या पालकाची सही नसेल तर भरायचं ते परिशिष्ट सी मी भरलं होतं, त्याची झेरॉक्सही सापडली. तेव्हा कागदांच्या कटकटीने रडकुंडीला आले होते.

यातलं किती जोडू? सगळं?

मोरपंखी

सगळं नको, पण प्रत्येक वर्षाचं काहीतरी हवं. मधे दोन वर्षांची पोकळी दिसली की तिथेच बोट ठेवतात. शाळेकडून एक पत्र घ्या: प्रवेश कुणी घेतला, फी कुठल्या खात्यातून येते, पालकसभेला कोण येतं, अडचणीला फोन कुणाला करतात. वर्गशिक्षिका ओळखीच्या असतील तर छान लिहून देतात. माझ्या मुलीच्या बाईंनी दीड पान लिहिलं होतं, अक्षर इतकं सुंदर की टाइप करवून घ्यायला जीव होईना.

मुलाचा अर्ज तुमच्या अर्जासोबतच भरा, वेगळा मागाहून नको. आणि लग्न छोटं झालं म्हणून फोटोंची चिंता करू नका. तारखा असलेले वीसेक फोटो, नवऱ्याच्या फेऱ्यांची तिकिटं, महिन्याला दोन-तीन चॅटची पानं, एवढं पुरतं. आम्हाला निकाल यायला नऊ आठवडे लागले.

टवाळ

मावसभावाला विचारलं. ते लोक परत आले म्हणे.

गोदाकाठ

@टवाळ, 😄

एजंटला नको म्हणून कळवलं. दिलेले पाच हजार परत मागितले, 'बघू' म्हणाला. मुलाच्या वडिलांना शनिवारी भेटले. ते म्हणाले, "मी स्वतः लिहितो, पण माझं इंग्रजी तुला माहितीये." मराठीत लिहा, भाषांतर करून घेते म्हटलं. त्यांनी तिथेच चहाच्या टेबलावर लिहायला घेतलं, तिसऱ्या ओळीपाशी थांबून मला विचारलं, "त्याची शाळा कितवीपासून बदलली गं?" दुसरीपासून, म्हटलं. कोर्टातल्या अर्जासाठी वकिलांची वेळ मंगळवारची घेतलीय.

एकच अडकलंय. तिसरीच्या फीची पावती सापडत नाही. ते वर्ष मी रोख भरलं होतं, त्यामुळे खात्यातही नोंद नाही. शाळा डुप्लिकेट देते का?

काळा कोट

देते. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहून. नाही म्हणाले तर त्या वर्षीच्या फी-रजिस्टरचा उतारा मागा, त्यावर शिक्का असला की झालं.