डॉर्सेटची काळी मडकी हेड्रियनच्या भिंतीवर कशी पोचली?

भिंतीकाठचा
न्यूकॅसलला राहतो. घरी पाहुणे आले की हेड्रियनच्या भिंतीवरचे (उत्तर इंग्लंडमधली रोमन सरहद्दीची भिंत) किल्ले आणि तिथली संग्रहालयं दाखवणं ओघानेच येतं. कपाटात लाल चकचकीत सेमियन थाळ्या असतात. त्या गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून आल्या. चैनीची वस्तू, लांबून येणारच. पण शेजारी धुरकट काळी, साधीसुधी हंडी-वाडगी मांडलेली असतात आणि खाली चिठ्ठी: ‘ब्लॅक बर्निश्ड, डॉर्सेट’, म्हणजे घोटलेली काळी भांडी. डॉर्सेट पार इंग्लिश खाडीच्या काठावर! सरळ रेषेत मोजलं तरी पावणेपाचशे किलोमीटर. शिवाय ही चाकावरची नाहीत, हाताने घडवलेली. सांगलीच्या मडक्यात लेहच्या छावणीचा भात शिजावा, तसला प्रकार. जवळपास कुंभार नव्हते का?

खापरवेडी
चाकावरचं म्हणजे सरस, हे तुम्ही धरून चालला आहात. चुलीला ते मान्य नसतं. या मडक्यांच्या मातीत क्वार्ट्झची वाळू भरपूर असते, त्यामुळे विस्तवावर ठेवून पुन्हा उतरवलं तरी ती सहजासहजी तडकत नाहीत. मी कितीतरी तुकडे हाताळलेत. बुडाला आणि बाहेरून काजळी हमखास. ही कामाची भांडी होती.

ही मडकी डॉर्सेटची, हे ठरलं वाळूवरूनच. 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पीकॉक यांनी खापरं कुटून ती चक्क जड द्रवात टाकली. क्वार्ट्झ वर तरंगतं, जड खनिजं तळाशी बसतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर टुर्मलीन भरपूर निघालं, आणि हे प्रमाण डॉर्सेटमधल्या ‘पूल’ नावाच्या बंदराच्या खाडीभोवती, वेअरहॅमच्या आसपासच्या वाळूशी जुळलं. नुसत्या आकारावरून असं छातीठोक सांगता आलं नसतं, कारण नकला पुष्कळ होत्या.

त्या खाडीकाठी ड्युरोट्रिगीस लोक रोमन यायच्या आधीपासून अशीच काळी भांडी करत होते. इ.स. 43 नंतर आकार बदलत गेले, घडवायची रीत तीच राहिली. मग 120 च्या सुमारास, म्हणजे भिंतीचं काम सुरू झालं त्याच काळात, हा माल उत्तरेतल्या किल्ल्यांत ढिगाने दिसू लागतो. यामागे सैन्याची घाऊक खरेदी होती असंच मला वाटतं. एकेका फेरीवाल्याने एवढा माल तिथवर नेला हे काही पटत नाही.

हिशेबी
पण वाहतूक? मडक्याची किंमत ती काय, आणि बैलगाडीचं भाडं केवढं! हा व्यवहार कागदावर बसतच नाही.

खापरवेडी
गाडीने नाहीच बसत. भिंतीजवळच्या विंडोलँडा किल्ल्यात लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली आहेत. त्यातल्या एकात ऑक्टेव्हियस नावाचा पुरवठादार कँडिडसला लिहितो की यॉर्कशायरमधल्या कॅटरिकला पडलेली कातडी आणलीच असती, पण रस्ते खराब असताना जनावरांचे हाल करायचे नव्हते. त्याच पत्रात तो धान्याच्या सौद्यासाठी निदान 500 दिनार तरी पाठव म्हणून मागे लागलाय. (हे पत्र वाचताना मला अगदी आपल्याकडचा आडत्या आठवतो.) रस्त्याने माल हलवणं म्हणजे असं होतं.

म्हणून जहाज. भिंतीच्या पश्चिम भागात डॉर्सेटचा माल जास्त दिसतो, त्यामुळे आयरिश समुद्राकडचा मार्ग मांडला जातो. काहींच्या मते आधी रस्त्याने पश्चिमेकडच्या सेव्हर्न नदीच्या मुखापर्यंत आणि तिथून पुढे पाण्याने. पूलच्या खाडीत मिठागरंही होती. मीठ, धान्य असला माल उत्तरेला निघालाच असेल तर उरलेल्या जागेत मडकी रचायला फारसा जादा खर्च येत नाही. हा माझा अंदाज हं, पण याशिवाय हिशेब जुळत नाही.

आणि स्थानिक कुंभार होतेच की! काहींनी तर सरळ याच मालाची नक्कल केली. उत्तर इंग्लंडमधल्या डॉनकास्टरजवळ रॉसिंग्टन ब्रिजला दुसऱ्या शतकात याच धर्तीची काळी भांडी भाजली जात. थेम्सच्या मुखाजवळ, एसेक्स-केंटकडे, चाकावर घडवलेली आवृत्ती निघाली आणि ती पूर्व किनाऱ्याने वर गेली. भिंतीच्या पूर्वेकडे ती जास्त सापडते ती म्हणूनच.

आवा_लावणारा
आमचं घर कुंभाराचं, म्हणून थोडं बोलतो. हाताने म्हणजे सावकाश, असं समजू नका. हात बसलेला माणूस पटापट उरकतो आणि त्याला चाक लागत नाही, त्यामुळे घरातले चार जण एकाच वेळी कामाला लागतात. काळा रंगही लेप देऊन आणावा लागत नाही. आवा पेटला की वरून झाकून हवा कोंडायची, धूर आत मुरला की माल काळा निघतो. घोटायला गुळगुळीत गोटा पुरतो. ताई, त्यांच्याकडे बांधीव भट्ट्या होत्या का?

खापरवेडी
दादा, बहुतेक माल तुम्ही सांगता तसाच, उघड्या आव्यात किंवा खड्ड्यात भाजलेला. फार तापमानही लागत नसे. म्हणूनच भाजायच्या जागा शोधणं अवघड जातं. बांधीव भट्टीचे अवशेष राहतात, आव्याची राख उडून जाते. घोटाई मात्र हंडीच्या सगळ्या अंगाला नसायची. मधला पट्टा तसाच सोडून त्यावर तिरप्या रेघांची जाळी ओढलेली असते.

भिंतीकाठचा
ती जाळी पाहिल्ये! मला नक्षी वाटली होती.

खापरवेडी
नक्षीच आहे, पण तिच्यावरून काळ कळतो. जुन्या हंड्यांवर रेघा उभट, एकमेकींना लघुकोनात छेदणाऱ्या. पुढे काटकोन होतो, आणि तिसऱ्या शतकात जाळी आडवी पसरून विशालकोन येतो. हंडीही तोवर सडपातळ होते, काठ बाहेर जास्त फाकतो. आता गेलात की चिठ्ठी न वाचता आधी कोन बघा, शतक सांगा, मग ताडून पाहा. पाहुण्यांसमोर भाव खायलाही बरं.